लकडी पुलाची सावली

दादा अमेरिकेला निघाला तेव्हा म्हणाला, “बाबांनी काढलेलं लकडी पुलाचं चित्र आईकडेच राहू दे. मला तुझ्या प्रिंटरवर त्याची प्रत काढून दे.” मला भरून आलं. चकचकीत कागदावर रंग भडक दिसले, म्हणून जाड सुती कागद घेतला, त्यासाठी प्रिंटरचं रंगांचं सेटिंग खिडकीतल्या उजेडात पुन्हा पुन्हा जुळवलं. “फरक कळत नाही बघ,” मी म्हणाले, “फक्त ट्यूबलाइटखाली या प्रतीत पुलाची करडी सावली हिरवट दिसते.” “तिकडे ट्यूबलाइट कोण लावतंय!” दादा हसला. निघायच्या दिवशी कोथरूडला आईकडे जेवायला जमलो. “बाबांच्या चित्राच्या फ्रेमची काच बदलून आणली हो याने,” आई दादाकडे बघत कौतुकाने म्हणाली. दिवेलागणीला तिने ट्यूब लावली. भिंतीवरच्या पुलाची सावली हिरवट झाली. मी दादाकडे पाहिलं. तो ताटातून मान वर न करता पुटपुटला, “तूच म्हणालीस ना, फरक कळत नाही?”