पानामागचे ठिपके

आईला जाऊन चार महिने झाले होते. तिने नामपल्लीच्या नुमाइशीतून, म्हणजे तिथल्या वार्षिक प्रदर्शनातून, आणलेल्या नेच्याच्या रोपाला एकच पान उरलं होतं. आज बायोलॉजीच्या तासाला शर्वरीला कळलं, त्या पानामागचे तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंजके. एकट्या बीजाणूतूनही नवं रोप उगवतं. शाळा सुटताच तिने बरकतपुऱ्यातल्या घरापर्यंत सायकल हाणली. गॅलरीत बाबा उकिडवे बसून ओल्या फडक्याने तेच पान पुसत होते. "कीड लागली होती बेटा, सगळी पुसली. आता वाचतं बघ तुझ्या आईचं झाड." कितीतरी दिवसांनी ते हसले. फडकं फिनेलच्या बादलीत पडणार, तोच शर्वरीने त्यांचं मनगट धरलं. "बाबा, ती कीड नव्हती. झाडाची पिल्लं होती." बाबांचा चेहरा उतरला. "सगळी गेली?" "फडक्यात असतील. एक उरलं तरी पुरतं." तिने फडकं कुंडीतल्या मातीवर पसरलं. बाबांनी दुसरं टोक धरलं.