कोपऱ्यातली जुडी

हेमेंद्रने करारनामा बांधावर पसरला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. बिसराम चिखलातून वर आला, धोतराला हात पुसून त्याच्याकडे बघत राहिला.

"तुले कुठंतरी पाह्यलं हाये."

पहिल्यांदाच आलोय काकाजी, असं म्हणून हेमेंद्रने मुद्द्याला हात घातला. साल २०१६. माणसाहून हुशार होणारं यंत्र त्याच्या कंपनीला सौंदडला बसवायचं होतं. ते गार ठेवायला इटियाडोहच्या कालव्याचं पाणी, आणि बसवायला बिसरामची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत. आजूबाजूच्या सगळ्यांचे अंगठे झाले होते.

बिसरामच्या बायकोने, अनुसयाबाईने चहा आणला. "बिनसाखरेचा हाये," ती म्हणाली. हेमेंद्र दचकला. त्याला साखर चालत नाही हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. कपाला मात्र त्याने हात लावला नाही.

त्याने बदल्यात दुप्पट जमीन देऊ केली, नातवाला नोकरी देऊ केली, शेवटी कोर्टाची भीतीही घातली. कुठे गोड बोलायचं, कुठे थांबायचं, सगळं तोंडपाठ. इतकी तयारी करून नवरामुलगा मुलगी बघायलाही येत नाही. पण म्हातारा ढिम्म.

रोवणा, म्हणजे भाताची लावणी, उरकला की बांधीच्या कोपऱ्यात भाताच्या रोपांची एक जुडी ठेवायची, ही बिसरामच्या बापाची रीत. ज्याची रोपं कमी पडतील त्याने न विचारता न्यायची.

"तू उगाच बोलून राहिला," बिसराम म्हणाला. "थे जुडी दुसऱ्याची हाये. जिथं दुसऱ्याचा हिस्सा, तिथं मी एकटा अंगठा कायले देऊ?"

"मग ती जुडी मीच नेतो. झालं?"

"ने ना. पण तुयी बांधी कोठं हाये?"

हेमेंद्रच्या बापाने शेवटची बांधी विकून त्याला शिकवलं होतं. त्याला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. चिखलात उभं राहूनही त्याचे बूट कोरे करकरीत होते.

त्याने डोळ्यांवरचा जाड चष्मा ओढून काढला. बांध गेला, बगळे गेले, बिसरामही गेला. समोर कंपनीच्या फुलचूरच्या ऑफिसची भिंत होती. खऱ्या बिसरामकडे उद्या जायचं होतं, आणि त्याच यंत्राच्या ऑफिसातल्या छोट्या नमुन्याने चष्म्यात उभ्या केलेल्या ह्या बिसरामने नऊशे बाराव्यांदा नकार दिला होता.

हेमेंद्रने यंत्राला हुकूम दिला, कोपऱ्यातली जुडी काढून टाक आणि पुन्हा सुरू कर.

यंत्र एरवी क्षणात कामाला लागायचं. आज पडदा बराच वेळ कोरा राहिला. मग एक ओळ उमटली.

"जुडी दुसऱ्याची हाये. मी कायले काढू?"