पाचवा वॉटर पंप

अर्ध्या तासापूर्वी बसवलेला पाचवा पंपही गळू लागला, तेव्हा हिंगणघाटहून धावत आलेल्या बंडूजी मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

बेरिंग नवंकोरं. पट्टा ना ढिला ना ताठ. पुली सरळ रेषेत. तरी वीस वर्षांची ती व्हॅन वडनेरच्या मसनवट्याच्या फाटकाशी आली की टपटप सुरू! बरं, पाण्यानं निदान उताराला तरी जावं. हे चढावर, थेट फाटकाकडे सरकत होतं. भर दुपार, पण झाडाचं पान हलत नव्हतं.

गजेंद्रचा जीव टांगणीला लागला. आत सीटवर त्याची बायको अंजू होती, नऊ महिने भरलेले. वर्ध्याच्या दवाखान्यानं आजचीच तारीख दिली होती.

"दरवेळी इथंच काऊन बे?" बंडूजीनं विचारलं. "पयल्यांदा कवा झालं?"

"दिवाळीत. नानाजीले पोचवाले आलतो, त्या दिवशी."

नानाजी म्हणजे गजेंद्रला स्टिअरिंग धरायला शिकवणारा उस्ताद. व्हॅनही त्याचीच. पोरबाळ नव्हतं, म्हणून जाताना याला देऊन गेला.

"अन् निघताना काय म्हनला त्याले?"

"काय म्हनाचं? रोजच्यासारखं... येतो नानाजी."

बंडूजीच्या हातातलं फडकं गळून पडलं. "मसनात येतो म्हनला? अबे गाढवा, तिथून मुकाट्यानं निघा लागते! बुढा वाट पाहून राह्यला तुयी! जा, येत नाई म्हनून सांग."

गजेंद्र चपला काढून फाटकाशी गेला. आत चिटपाखरू नव्हतं. वारा नसताना राखेवर एक भोवरा तेवढा गरगरत होता. त्यानं हात जोडले. "नानाजी, जीभ घसरली. मी येत नाई. मले लेकरू होऊन राह्यलं."

परतला तर पंप कोरडा ठक्क! किल्ली फिरवली, इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध थांबला. पाच किलोमीटर गेले, दहा गेले, एक थेंब नाही. गजेंद्र शीळ घालू लागला.

"अहो," मागून अंजू म्हणाली, "तुमी फाटकाशी होते तवा एक बाबा खिडकीत आलते. लय हसत होते."

"कोन बाबा?" तिथं तर या तिघांशिवाय कुणीच नव्हतं.

"मले काय ठाऊक? तुमचंच नाव घेत होते." बोलता बोलता तिनं पोट घट्ट धरलं. कळ आली होती. "म्हने, गज्याले सांग, तू राहू दे. आता मीच येतो."