तागाची संमती

"आमची तयारी नाही," पिकाचं बोलणं ऐकवणाऱ्या यंत्रातून ताग पुन्हा म्हणाला. हिरवं खत म्हणून गाडायच्या पिकाची संमती नसेल, तर सेंद्रिय भाजीचा शिक्का मिळत नसे. इकडे फुलोरा आलेला. आज गाडला नाही, तर दांडे लाकूड होणार आणि वांग्यांना खत मिळणार नाही.

"खताला कसली तयारी लागते?" हौसाबाई कडाडल्या.

"बाई, ताग घाबरतो," शिक्का द्यायला आलेला निरीक्षक म्हणाला.

"घाबरू दे. मेल्या, बियाण्याला ठेवलेली तुझी आई सोडून तुझ्या सगळ्या मावश्या याच रानात गाडल्या मी. त्यांच्यावर वांगी आली."

यंत्र हळूच म्हणालं, "कशी झाली होती वांगी?"

"लोण्यासारखी."

संमतीचा हिरवा दिवा लागला. ट्रॅक्टरवर चढताना हौसाबाईंना आणखीच राग आला. तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून त्यांनी निरीक्षकाला बांधावरून हाकलून दिलं.