रिकामी बरणी

युफेमियाने अंडं कानाशी धरलं आणि ती तशीच उभी राहिली.

"आण इकडे," वेन्सी म्हणाला. विज्ञान मंडळाचा अध्यक्ष तो. त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, चिरफाडीची सुरी पुसून ठेवली होती. "ए पेमी, ऐकू येतंय का तुला?"

"येतंय," ती म्हणाली. "पण तुझं नाही."

प्रयोगशाळेच्या खिडकीत बरण्या ओळीने मांडल्या होत्या. पहिलीत नुसता लाल ठिपका. मग डोळे, मग पाय, चोच, चिकटलेली पिसं. मंडळाने लाकडी खोक्यात दिवा लावून बदकाची अंडी उबवली होती. अधूनमधून एकेक फोडायचं आणि आतलं पिल्लू स्पिरिटमध्ये घालायचं. शेवटची बरणी तेवढी रिकामी होती आणि खोक्यातलं शेवटचं अंडं युफेमियाच्या हातात होतं. सोमवारी प्रदर्शन. मनिलाहून परीक्षक येणार, साऱ्या प्रांतातल्या शाळा येणार. गेल्या वर्षी नाट्यमंडळाने ढाल आणली होती, तेव्हापासून ती मुलं विज्ञान मंडळवाल्यांना 'बेडूककापे' म्हणत.

"आतून टकटक करतंय," युफेमिया म्हणाली.

"कडी काढा म्हणत असेल," डोमिंग बाकावर बसून पाय हलवत म्हणाला. सभासद कसला, गप्पा मारायला यायचा तो.

"आज नाही फोडलं तर उद्या पिल्लू स्वतःच फोडेल," वेन्सी म्हणाला. "मग बरणीत काय घालू? डोमिंगला?"

"मी नाही देणार."

"वा! काल गेटवर बालुतचं उकडलेलं अंडं कोण खात होतं? आतल्या पिल्लासकट, मीठ लावून! तेव्हा कुठे गेली होती दया?"

"ते बोलत नव्हतं."

वेन्सीने मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे बेलार्मिनोबाई पेपर तपासत बसल्या होत्या. "बाई, सांगा ना हिला."

बाई आल्या. त्यांनी अंडं कानाशी नेलं आणि डोळे मिटले.

"बाई," युफेमियाने विचारलं, "हे आत आहे, अंधारात. बाहेर कोण आहे ते त्याला ठाऊकसुद्धा नाही. मग ते हाक कुणाला मारतंय?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

तिघेही त्यांच्याकडे बघत राहिले. बाईंच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"खरंच माहीत नाही गं. पण विज्ञान मंडळ तुमचं आहे ना? मग लावा छडा."

युफेमियाने कवचावर नख वाजवलं. आतली टकटक थांबली. मग पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात. डोमिंगने बदकासारखा आवाज काढला, तर आतून बारीक, तुटक 'पीप' आलं. डोमिंग बाकावरून पडता पडता वाचला. "मला उत्तर दिलं रे! मला!"

"योगायोग असेल," वेन्सी म्हणाला. "असं कुठे सिद्ध होतं? सगळे गप्प बसा आधी."

त्याने अंडं घेतलं. सुरी उलटी धरली आणि तिच्या मुठीने कवचावर हलकेच वाजवलं. वाट पाहिली. काहीच नाही.

"बघितलंत?" तो म्हणाला आणि अंडं खाली ठेवायला वाकला. तेवढ्यात ते बोललं. वेन्सीने ते पुन्हा कानाशी नेलं. मग तोंड अगदी जवळ नेऊन तो काहीतरी पुटपुटला. काय, ते त्याने नंतरही कुणाला सांगितलं नाही. सुरी बाईंनीच खणात ठेवली.

शनिवार-रविवार शाळेला कुलूप असायचं आणि खोकं कुणाच्या तरी घरी जायचं. या वेळी पाळी वेन्सीची होती.

"मेलं तर बरणीत जाईल हं," खोकं उचलताना तो म्हणाला. "आत्ताच सांगून ठेवतो."

"जाऊ दे. पण तू हात लावायचा नाहीस."

"मला काय हौस आहे?"

सोमवारी शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. परीक्षक एकेक बरणी बघत शेवटच्या बरणीपाशी थांबले.

"ही रिकामी का?"

वेन्सीने इंग्रजीत उत्तर पाठ केलं होतं. ते त्याला ऐनवेळी आठवेना. "बाहेर आलं ते, सर," तो म्हणाला.

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि ते पुढे गेले. ढाल तिसऱ्याच कुठल्या तरी शाळेच्या ज्वालामुखीच्या प्रतिकृतीला मिळाली. पण डोमिंगला विचाराल तर त्या दिवशीचं त्याला ज्वालामुखीचं काही आठवत नाही.

पिल्लू युफेमियाच्या मांडीवर होतं. इतके दिवस तिनेच ती अंडी उलटीपालटी केली होती. तिने त्याला ओंजळीत धरलं, भात भरवून पाहिला, नख वाजवून पाहिलं. ते तिच्याकडे बघेना. ओरडत ओरडत खाली उतरलं आणि त्या एवढ्या बुटांच्या गर्दीतून थेट वेन्सीच्या जोडीपाशी जाऊन थांबलं.

"वेन्सी," युफेमियाने विचारलं, "काल ते बाहेर आलं तेव्हा जवळ कोण होतं?"

"मीच. रात्रभर बसलो होतो... म्हणजे, दिवा जाऊ नये म्हणून."

"ए आई!" डोमिंग ओरडला. "लेकरू मागे राहिलं बघ!"

सभागृह खदखदून हसलं. नाट्यमंडळवाले तर खुर्च्यांवर चढले. वेन्सीचे कान लाल झाले. मान खाली घालून तो तरातरा दाराकडे निघाला. मागून पिल्लू, धडपडत, पडत, पुन्हा उठून ओरडत. युफेमिया टाचा उंचावून बघत होती.

अर्ध्या वाटेवर वेन्सीने एकदा मागे पाहिलं. मग तो अगदी छोटी छोटी पावलं टाकत चालू लागला.