टीव्हीचं खोकं

कर्ज फेडून साधेपणानं राहायचं, असं म्हणत बँकेत नोकरीला असलेल्या नवऱ्यानं गाडी विकली, सी-स्कीमसारख्या उच्चभ्रू वस्तीतलं घर सोडून राजा पार्कात दोन खोल्या घेतल्या, तेव्हा वीणानं कौतुकच केलं. सोफा गेला, लग्नातलं कपाट गेलं, तरी तिनं चकार शब्द काढला नाही. पण आज सकाळी त्यानं टीव्हीचं रिकामं खोकं रद्दीवाल्यापुढे टाकलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. पाच बदल्या त्या खोक्यानं पाहिल्या होत्या. त्यातला थर्माकोलचा तुकडासुद्धा हा माणूस कुणाला हलवू देत नसे. “अहो, पुढच्या बदलीला टीव्ही कशात न्यायचा?” “आता बदली व्हायची नाही,” तिच्याकडे न बघता तो म्हणाला. बँकेत बदली चुकते ती फक्त नोकरी सुटलेल्याची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ओट्यावरचा आत्ताच भरलेला डबा तिनं उचलला. “मग रोज हा घेऊन जाता कुठे?”