मागच्या खोलीतली हवा

सासूबाई दारात आल्या तेव्हा सुनेचा हात खिडकीतल्या पंख्यावर होता.

"काय चाललंय?"

काही नाही, म्हणत सून अंग चोरून बाहेर निघून गेली.

मागच्या खोलीत बिटकॉइन काढणारी बारा मशीनं होती. दिवसभर घरघरायची, भट्टीसारखी तापायची. चार पंखे भिंतीत पक्के बसवलेले, पाचवा खिडकीत नुसता टेकवलेला. याच मशीनांच्या जिवावर लेक जहाजावरची नोकरी सोडून पाच वर्षांनी घरी आला होता. ती बंद पडली की तो परत समुद्रावर जाणार, हे सासूबाई जाणून होत्या. म्हणून महिन्याभरापासून त्या खोलीचं सगळं त्यांनी आपल्या हातात घेतलं होतं. रोज सकाळी पंखे स्वतः पुसायच्या. सुनेची साफसफाई म्हणजे धुळीला इकडून उठवून तिकडे बसवणं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

लेक बाहेरच्या खोलीत पडद्यावर आकडे बघत बसे. त्याला एकच घोर लागला होता. रोज सकाळी मशीनं एकदम तापायची आणि अर्ध्या तासात आपोआप निवायची. एखाद्या दिवशी निवली नाहीत तर कायमची गेली, म्हणाला.

सासूबाईंच्या डोक्यात आता लख्ख उजेड पडला. दोन दिवस त्यांनी पाळत ठेवली. दोन्ही दिवस सून मांजराच्या पावलांनी आत शिरली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला लेकासमोर उभं केलं. नवरा जहाजावर होता तेव्हा ही माहेरी सुखात लोळत होती, आता सासूच्या नजरेखाली राहावं लागतं, म्हणून मशीनं जाळायला निघाली आहे, असं तोंडावर सांगितलं.

"मशीनं जळावीत असं मला वाटेल का, आई?"

"मग हात कशाला लावतेस?"

सुनेनं आधी सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

चार दिवस माहेरी जाऊन डोकं ठिकाणावर आण, असा हुकूम सुटला. लेकानं तोंड उघडलं, पण आईची नजर पाहून मिटलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो बायकोला पोचवायला गेला.

त्या सकाळी सासूबाईंनी पंखे जरा जास्तच मन लावून पुसले. खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि कितीतरी दिवसांनी निवांत चहा घेतला.

फोनवर आकडे चढलेले पाहून लेक धावतपळत परतला तोवर दाराच्या फटीतून करपल्याचा वास येत होता.

दुरुस्तीवाल्यानं बाराही मशीनं उघडली आणि मान हलवली. लेक पायरीवर बसून जहाजाच्या कंपनीला फोन लावत होता.

"खिडकीतला पंखा असा कुणी ठेवला?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"मी," सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "रोज पुसून मीच ठेवते, तोंड मशीनांकडे करून. वारा लागायला नको त्यांना?"

दुरुस्तीवाल्यानं पंखा उचलून उलटा फिरवून दाखवला.

"आजी, हा पंखा गरम हवा बाहेर फेकायला असतो. तोंड आत केलं तर मशीनं दोन तास टिकत नाहीत. रोज तुमच्या मागून कुणीतरी तो फिरवून ठेवत असणार."